सांगितलेलं पेन्सिलीनं

१

बाबा गेल्याला सव्वीस दिवस झाले होते, तेव्हा त्यांच्या नावावर चोरी लागली.

पत्र साध्या टपालानं आलं. भाषा सभ्य होती. सर्वेक्षणाच्या सहाशे मूळ तक्त्यांचा खोका कार्यालयातून नाहीसा झाला आहे. नोंदवहीत खोका बाहेर नेल्याची शेवटची सही दिवंगत सर्वेक्षणप्रमुखांची आहे. प्रसिद्ध झालेला आकडा चुकीचा असल्याच्या तक्रारी येत असून पुरावा नष्ट झाल्याची शक्यता नाकारता येत नाही. कुटुंबीयांना काही म्हणायचं असल्यास चौकशी समितीपुढे शुक्रवारपर्यंत लेखी म्हणावं.

तो दिवस सोमवार होता.

हे सर्वेक्षण म्हणजे बाबांचं शेवटचं काम. मुलांनी घरी बसून ऑनलाइन शिकायचं ठरलं, तर देश त्याला तयार आहे का, एवढाच प्रश्न होता. देशभरातून चिठ्ठ्या टाकून सहाशे घरं निवडली आणि त्या घरांत माणसं पाठवली. अहवाल छापून आला, त्यात पहिल्याच पानावर होतं: शंभरातली अठ्ठ्याहत्तर घरं सज्ज. त्या एका ओळीवर लहान शाळा आठवड्यातून दोन दिवसांवर आल्या आणि बाकीचे वर्ग फोनवर गेले. मग निम्म्या वर्गांत मुलं दिसेनाशी झाली. आता कुणीतरी जबाबदार हवं होतं. मेलेला माणूस उलट बोलत नाही, ही त्याची मोठीच सोय असते.

"जाऊ दे ना," आई म्हणाली. "गेलेल्या माणसाला कसली शिक्षा करणार आहेत?"

"नाव घालवणार आहेत, आई."

"नावाचं काय घेऊन बसलीस! माणूसच राहिला नाही." ती खुर्चीवरचे बाबांचे स्वेटर उचलून पुन्हा तिथेच ठेवत होती. कडक उन्हाळा चालू होता.

"हे अजून बाहेर कसे?"

"ऊन दाखवायला काढलेत," ती म्हणाली आणि दूध बघायला आत गेली.

मी दुसऱ्या शहरात पुस्तकांची मुद्रितं तपासते. छापून आलं म्हणून ते खरं मानायचं नाही, यावरच माझं पोट चालतं. आणि ही सवय मला ज्यांनी लावली, त्यांचंच नाव आता चुकीचं छापलं जाणार होतं.

२

बाबांचा एक नियम होता. सांगितलेलं पेन्सिलीनं, पाहिलेलं पेनानं.

पाहणी करणारा घरात गेला की विचारायचा, मुलाला फोनवर धडा उघडता येतो का? आई-बाप म्हणाले 'हो', तर पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. मग मुलाच्या हातात फोन द्यायचा आणि म्हणायचं, उघड आणि पहिली ओळ वाच. मुलानं वाचली, तर त्याच खुणेवरून पेन फिरवायचं. फोन बापाबरोबर कामावर गेलेला असेल, चार भावंडांत एकच असेल, टाकीवर चढल्याशिवाय रेंज येत नसेल, तर खूण पेन्सिलीचीच राहायची. लोक खोटं बोलत नाहीत, बाबा म्हणायचे, लोक पाहुण्यासमोर घर आवरून ठेवतात.

हा नियम घरातही चाले. लहानपणी मी ओरडून सांगायचे, "बाबा, दात घासले!" आतून आवाज यायचा, "पेन्सिल!" मग त्यांच्यासमोर आ करून उभं राहावं लागे.

त्यांची दुसरी सवय फक्त मला ठाऊक होती असं मला वाटायचं. वाचताना ते प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका देत. ठिपका नसलेला आकडा म्हणजे न वाचलेला आकडा. तोच ठिपका पुढे माझ्याही हाताला लागला.

मंगळवारी सकाळी मी त्यांच्या टेबलावर अहवालाचे तीन अवतार मांडले. पहिल्या दोन कच्च्या प्रतींवर सज्ज घरं शंभरात एकतीस होती, बाबांनी हातानं मोजलेली, आणि आकड्यांखाली ठिपकेच ठिपके, जणू मुंग्यांची रांग. तिसरी होती अठ्ठ्याहत्तर लिहिलेल्या अंतिम पानाची झेरॉक्स, खाली सही आणि तारीख नऊ असलेली. तिच्यावर एकही ठिपका नव्हता. आणि सही ओळ सोडून खाली घसरलेली, शेवटचं अक्षर कागदाच्या कडेवरून जवळजवळ उतरलेलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं पट्टी ठेवल्यासारखी सही केली, त्याची ही सही होती.

शिवाय छापील प्रत होती. तिच्यात मात्र एकच ठिपका होता, अठ्ठ्याहत्तरच्या खाली. तो इतका दाबून दिलेला की कागदाला भोक पडलं होतं.

सही नकली असणार, असं म्हणत मी उठले. पाणी प्यायला फ्रिज उघडायला गेले आणि दारावर आईच्या हातचा तक्ता दिसला. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या वेळा, दिवसातून चारदा, चार तारखेपासून बारा तारखेपर्यंत, प्रत्येक वेळेपुढे खूण. मोतीबिंदूचं ऑपरेशन. टाका घालावा लागला म्हणून नऊ दिवस पट्टी. आणि बाबांचा दुसरा डोळा जन्मापासून अधू.

सही नकली नव्हती. ती आंधळी होती. नऊ तारखेला बाबांना स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता.

३

विभागाच्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पाच मिनिटं बाबांचं कौतुक दिलं.

"असा माणूस पुन्हा होणे नाही, बाळ."

"मग पत्रात त्यांना चोर का म्हटलंय?"

"चोर कुणी म्हटलं? शक्यता म्हटलंय." त्यांनी चष्मा पुसला. "हे बघ, आकडा त्यांचा, सही त्यांची, खोका त्यांनी नेला. मी फक्त पुढे पाठवलं. माझी सही कुठेच नाही."

"सही केली तेव्हा त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती."

चष्मा पुसणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. "असेल. पण आम्ही काय त्यांचा हात धरायला गेलो होतो? पान बंद पाकिटात घरी गेलं, सही होऊन परत आलं. घरात काय झालं, ते घरच्यांना ठाऊक." मग आवाज मऊ झाला. "वहिनी कशा आहेत? फार सोसलं त्यांनी. फार साथ दिली. त्यांना सांग, स्वतःला त्रास करून घेऊ नका म्हणावं."

मी दारात पोचल्यावर ते म्हणाले, "पाकीट घेऊन दशांश गेला होता. मला विचारण्यापेक्षा त्याला विचार."

स्वतःहून नाव देणाऱ्या माणसाबद्दल दोन शक्यता असतात. त्याच्याकडे लपवायला काही नाही, किंवा दिलेल्या नावापलीकडे तुम्ही जाणार नाही अशी त्याची खात्री आहे.

४

दशांश म्हणजे कार्यालयातला संगणकाचा माणूस. चहात साखर किती विचारलं तरी "दीड" न म्हणता "एक पूर्णांक पाच" म्हणणारा, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. आता कार्यालयात त्याला खऱ्या नावानं कुणी ओळखत नाही.

"ताई, देवाशपथ, मी मोजलं ते बरोबर मोजलं," तो म्हणाला. मी अजून काही विचारलंही नव्हतं. "चारशे अडुसष्ट भागिले सहाशे. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक शून्य."

"कशावरून मोजलं?"

"स्कॅनवरून. दर वेळी शेवटची मोजणीही सर हातानं करायचे, मूळ कागदावर. या वेळी ते दवाखान्यात. साहेब म्हणाले, स्कॅन कर आणि खुणा मोज."

त्यानं पडद्यावर तक्ते उघडले. मी एक पाहिला, दहा पाहिले. सगळ्या खुणा सारख्याच काळ्या. यंत्राला पेन्सिल आणि पेन यांतला फरक कळला नव्हता. कुणी आकडा रचलाच नव्हता. लोकांनी सांगितलेलं आणि आमच्या माणसांनी पाहिलेलं, दोन्ही एका टोपलीत टाकलं, एवढंच. आणि फरक दाखवू शकेल असा फक्त तो खोका होता.

"नियम साहेबांना माहीत होता?"

दशांशनं दाराकडे पाहिलं. "कार्यालयातल्या मांजरालाही माहीत होता, ताई. मी म्हटलं त्यांना, पेन्सिलीच्या वेगळ्या काढू का? म्हणाले, तुला मोजायला ठेवलंय की विचार करायला?"

"पाकीट तू नेलंस. बाबांना वाचून कुणी दाखवलं?"

"मी म्हटलं होतं, मी दाखवतो. वहिनी दारातच म्हणाल्या, डॉक्टरांनी बाहेरची माणसं आत सोडू नका म्हणून सांगितलंय, वाचायला घरातलं माणूस आहे. मी जिन्यात थांबलो. वीस मिनिटं." तो जरा हसला. "आत कोण होतं ते मला कळलं म्हणा. सरांचा आवाज आला. एकदम खूश होते. म्हणाले, 'ऐकलंस का गाढवा, एकतीस! एकतीसच राहिले!' मला वाटलं, साहेबांनी पाकिटात जुनाच आकडा घातला. आणि सर गाढव फक्त एकाच माणसाला म्हणायचे."

तो माणूस, म्हणजे मी ज्यांना काका म्हणते ते, मलाही ठाऊक होता. माझ्या बारशापासून घरात वावरणारा, बाबांच्या खांद्याला खांदा लावून तीस वर्षं गावोगाव फिरलेला. आणि बाबा गेल्यापासून एकदाही आमच्या घराची पायरी न चढलेला.

आता बाबांच्या खुर्चीवर तोच बसत होता.

५

काकांनी मला पाहिलं आणि समोरची फाइल उलटी ठेवली.

"ये. चहा घेणार?"

"नको. नऊ तारखेला तुम्ही आमच्याकडे होतात?"

"मी?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बापासारखी आलीस. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न."

"बाबा तुमच्याशी बोलत होते. दशांशनं ऐकलंय."

"बोलत होतेच." त्यांनी खिशातून फोन काढला, बराच वेळ अंगठ्यानं वर-खाली करत राहिले आणि माझ्यासमोर धरला. नऊ तारीख, सकाळी अकरा वीस, आमच्या घरचा नंबर, चार मिनिटं. "मी सीमेवरच्या एका शाळेत होतो. दीड दिवसाचा प्रवास. मुख्याध्यापकांची सही आहे हजेरीवर, हवी तर बघ." त्यांनी फोन परत खिशात ठेवला. बोलले तेव्हा आवाज खाली गेला होता. "चार मिनिटांतली तीन तो हसतच होता. म्हणाला, साहेब शेवटी माणूस निघाला, एकतीसला हात नाही लावला. सही केली म्हणाला. आणि चार दिवसांनी छापून आलं अठ्ठ्याहत्तर."

"मग तुम्ही त्यांना विचारलं नाही?"

"नाही विचारलं." त्यांनी उलटी फाइल सुलटी केली, पुन्हा उलटी केली. "मला वाटलं, त्यानं मला गंडवलं. साहेबांशी जमवून घेतलं आणि माझ्या तोंडाला पानं पुसली. वाटलं, कुंपणानंच शेत खाल्लं. तीस वर्षांच्या ओळखीवर मी चार दिवसांत पाणी सोडलं, आणि पाचव्या दिवशी तो गेला. आता कुठल्या तोंडानं येऊ तुझ्या आईपुढे?"

मी त्यांना दोष दिला नाही. एक आकडा बदलला होता, आणि त्यानं किती माणसं एकमेकांपासून तोडली होती, तेच मी मोजत होते.

बाहेर बाकावर बसून मी सगळं जुळवलं. बाबांना दिसत नव्हतं. कागदावर अठ्ठ्याहत्तर होते, बाबांनी ऐकले एकतीस. म्हणजे वाचणाऱ्यानं कागदावर नसलेला आकडा वाचला. चूक म्हणावी तर तो खरा आकडा कसा निघेल? वाचणाऱ्याला एकतीस आधीच माहीत होता. दशांश जिन्यात होता. काका दीड दिवसाच्या अंतरावर. साहेब घरी आलेच नाहीत. मी दुसऱ्या शहरात.

वाचायला घरातलं माणूस आहे, ती म्हणाली होती. त्या दिवशी घरात माणसं होती दोन. त्यातल्या एकाच्या डोळ्यावर पट्टी होती.

आणि मग मला ते स्वेटर आठवले.

६

बुधवारी दुपारी आई दाणे निवडत बसली होती. मी खुर्चीवरचे स्वेटर उचलले आणि पलंगाखालची स्वेटरांची ट्रंक बाहेर ओढली. ती लोकरीपेक्षा फार जड होती.

"किल्ली दे, आई."

तिनं ताट बाजूला ठेवलं. नाही म्हणाली नाही. किल्ली तिच्या कमरेलाच होती.

आत कार्यालयाचा खोका होता. वरच्याच तक्त्यावर एका मुलीच्या घराची नोंद होती. फोन एक, बापाजवळ, बाप मालगाडीवर. खूण पेन्सिलीची. खालच्या तक्त्यावरही पेन्सिलीची. मी मोजत बसले. संध्याकाळचं ऊन भिंतीवरून जाईपर्यंत मोजलं. पेनाच्या एकशे शहाऐंशी. पेन्सिलीच्या दोनशे ब्याऐंशी. कोऱ्या एकशे बत्तीस. शंभरात एकतीस, ना एक कमी, ना एक जास्त.

आई तेवढा वेळ समोर बसून होती.

"साहेबांचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाले, वरून आलेला आकडा आहे, बदलणार नाही. यांना कळलं तर भांडतील, आणि डॉक्टरांनी भांडण बंद सांगितलंय. म्हणाले, तुम्ही जुनाच आकडा वाचून दाखवा. डोळा बरा झाला की मी त्यांना समजावीन. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, वहिनी."

"आणि तू वाचलास."

"त्यांचं काळीज किती दुबळं झालं होतं, ते पाहिलं होतंस का तू? दर अहवालाला हाच गोंधळ. रात्र-रात्र येरझाऱ्या. मला वाटलं, एकदाचं सुटू दे. आकडाच तर आहे." तिनं एक दाणा उचलला, तो आधीच निवडलेला होता. "वाचला आणि इतके हसले गं. वर्षात हसले नव्हते तेवढे. मला वाटलं, चांगलंच केलं मी."

"पट्टी निघाल्यावर?"

"छापील प्रत आली. ती पाहिली. सकाळी ऑफिसला जाऊन हा खोका घेऊन आले. जेवले नाहीत. दुपारी मला बोलावलं. पान पुढे ठेवलं आणि म्हणाले, वाच." तिनं हातातला दाणा ताटात टाकला. "मी वाचलं. अठ्ठ्याहत्तर वाचलं. माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, 'आवाज तर तोच आहे.'"

"आणखी?"

"आणखी काही नाही. मी चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा..." तिनं खुर्चीकडे पाहिलं. "म्हणून खोका ठेवला मी. तो सापडला असता, तर विचारलं असतं, कळून सवरून सही का केली? आणि मग मला सांगावं लागलं असतं."

"आणि आता त्यांना चोर म्हणताहेत, ते चालतं तुला?"

तिनं दाण्यांचं ताट पुन्हा पुढे ओढलं. माझ्याकडे तिला जवळ घेण्याइतकं काही उरलं नव्हतं. आईला मिठी मारावी की नाही, याचा विचार करावा लागतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी बाबांच्या टेबलावरून कोरा कागद आणि त्यांचा लेखण्यांचा पेला आणला.

"सगळं लिही. तुझ्या हातानं."

तिनं कागद पुढे ओढला. पेल्यात पेन्सिली आणि पेनं एकत्र होती. तिचा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला.

"नाही," मी म्हटलं. "पेनानं. हे कुणी तुला सांगितलेलं नाही. तू केलंयस."

तिनं पेन घेतलं. दोन पानं लिहिली, शाळेतल्यासारखी सरळ, एक खाडाखोड नाही. शेवटी विचारलं, "कशासाठी केलं, ते लिहू?"

"समितीनं ते विचारलेलं नाही."

शुक्रवारी मी खोका, डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद आणि तिची दोन पानं समितीपुढे ठेवली. काका बरोबर आले होते. खोका त्यांनीच उचलला, मला हात लावू दिला नाही. दशांशनं स्वतःहून उभं राहून सांगितलं की चारशे अडुसष्टपैकी दोनशे ब्याऐंशी पेन्सिलीच्या खुणांचं काय करायचं हे त्यानं विचारलं होतं आणि त्याला काय उत्तर मिळालं. साहेबांनी चष्मा पुसला. पंधरा दिवसांनी बाबांचं नाव वगळल्याचं पत्र आलं, त्याच सभ्य भाषेत. एकतीस आकडा दुसऱ्या आवृत्तीत छापला. त्याची मुद्रितं मी तपासली. प्रत्येक आकड्याखाली ठिपका दिला.

आई आता माझ्याकडे राहते. मी तिच्या गोळ्यांच्या वेळा पाळते, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवते. तिचे डोळे हल्ली अधू झालेत. मी जे छापलंय तेच वाचते. ती ऐकताना मध्येच थांबवून कधीकधी विचारते, "तसंच लिहिलंय ना?"

ही सगळी हकीकत मी पेनानं लिहिली, कारण यातलं बहुतेक मी पाहिलं, मोजलं किंवा कागदावर वाचलं. आईनं ते बाबांवरच्या मायेपोटी केलं, असं ती सांगते.

ते एक वाक्य मी पेन्सिलीनं लिहिलं आहे.